गिरिजाबाईंचा पायगुण

"बस की ग, गिरिजा. तू बसल्याशिवाय मी किल्ली फिरवणार नाही."

शाळेच्या फाटकात सौंदलगेकर बाईंची नवी स्कूटर उभी होती. हँडलला झेंडूची माळ, पुढच्या चाकाखाली लिंबू. मधली सुट्टी नुकतीच झाली होती आणि सगळ्या बाई डबे आवरून बाहेर आल्या होत्या. मला पाचवा महिना होता. साडी सावरत सीटवर चढणं काही सोपं नव्हतं.

"अहो, आत्ता नको. उगाच पाय घसरला तर?"

"घसरतोय कशाला? धरते की मी. नुसतं टेकायचं आणि उतरायचं. बाजारात काळी बाहुली मिळते, पण ती बोलत नाही ग. तू कशी हसून बसतेस!"

सगळ्या हसल्या. मीही हसले, सौंदलगेकर बाईंच्या खांद्याला धरून स्कूटरवर टेकले आणि उतरले. त्यांनी पेढ्याचा पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला.

"झालं! आता हिला कुणाची दृष्ट लागायची नाही."

हे सुरू कसं झालं ते सांगते. आमच्या मुख्याध्यापिका इनामदार बाई. त्यांनी घर बांधलं तेव्हा दारावर टांगायला काळी बाहुली आणायचं गवंड्यानं सुचवलं. त्या म्हणाल्या, "बाहुली कशाला? आमच्या शाळेत गिरिजा आहे." आणि वास्तुशांतीला सगळ्यांच्या आधी मला उंबरा ओलांडायला लावला. गंमत म्हणूनच. त्या वर्षी त्यांच्या यजमानांना बढती मिळाली. मग कुणाचा फ्रीज आला, कुणाच्या मुलाची दहावीची परीक्षा आली, कुणी पहिल्यांदा विमानात बसायला निघालं, की हाक यायची. गिरिजाबाईंचा पायगुण! इनामदार बाई दर वेळी म्हणायच्या, "मी असलं काही मानत नाही हं. पण मन शांत होतं."

आम्ही सिद्दी. हल्याळच्या पुढं जंगलात आमच्या वाड्या आहेत. आमच्या पूर्वजांना कधीकाळी जहाजातून आफ्रिकेतून इकडं आणलं. तिकडची भाषा गेली, देव गेले, गावांची नावं गेली. राहिला तो रंग आणि केस. घरी आम्ही कोकणीसारखं बोलतो. मी बेळगावात डी.एड. केलं, मराठी शाळेत लागले आणि लग्नानंतर निपाणीला आले. माझे यजमान रामनाथ तंबाखूच्या एका वखारीत वायरमन होते. तेही आमच्याच वाडीचे.

दुसरीचा वर्ग माझ्याकडे असायचा. दुसरीची मुलं मला सगळ्यात आवडतात. पहिलीची रडतात, तिसरीची शहाणी झालेली असतात. दुसरीतलं मूल विचारतं. दर जूनमध्ये कुणीतरी विचारायचंच. त्या वर्षी रेवती नावाच्या मुलीनं विचारलं.

"बाई, तुम्ही काळ्या का?"

मी तिला जवळ घेतलं, माझा तळहात तिच्या तळहाताशेजारी ठेवला.

"बघ बरं, हे सारखे आहेत की नाहीत?"

तिनं वाकून पाहिलं. "जवळजवळ सारखे."

"आणि हात उलटा केला की?"

"तुमचा काळा, माझा गव्हासारखा."

"तुझ्या आजीचा?"

"आजीचा चहासारखा." आणि मग एकदम, "बाई, आज पाढे आहेत की गोष्ट?"

संपलं. त्या मुलीनं पुढं वर्षभर तो विषय काढला नाही. तिला उत्तर हवं होतं, ते मिळालं. मोठ्यांचं तसं नसायचं. किराणा दुकानदार मला ओळखत होता, पण नवा नोकर आला की तो दर वेळी सांगायचा, "हिला मराठी येतं बरं का! बोलून बघ." बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची, आणि कंडक्टर माझ्याशी हिंदीतच बोलायचा. शिक्षकखोलीत कुणीही येता-जाता माझ्या केसांना हात लावायचं. "स्प्रिंग आहे ग नुसती! दाबलं की परत वर." मी हसायचे. संध्याकाळी घरी आले की जबडा दुखायचा. रामनाथ खोबरेल तेल कोमट करून माझ्या कानशिलांना आणि जबड्याला चोळायचे.

"काय चावत असतेस दिवसभर?" ते विचारायचे.

"काही नाही हो. मुलांना ओरडावं लागतं."

मी मुलांना कधीच ओरडत नव्हते. रामनाथना ते माहीत होतं.

त्याआधी माझी दोन बाळं पोटातच गेली होती, अगदी सुरुवातीला. हे तिसरं टिकलं होतं. पाचवा सरला, सहावा लागला, बाळ फिरायला लागलं, तेव्हा रामनाथनी वखारीतून येताना लाकडाचं एक जुनं खोकं आणलं आणि त्याला घासून घासून पाळणा करायला घेतला. मी म्हणाले, इतक्यात नको. ते म्हणाले, "घासायला वेळ लागतो. घासू तरी दे."

डॉक्टर कोरे बाईंच्या दवाखान्यात माझं नाव घातलं होतं. सहाव्या महिन्यात त्यांनी दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं, परत बघितलं आणि चष्मा काढला.

"वाढलंय. घरी काही त्रास आहे?"

"नाही."

"मिस्टर पितात?"

"नाही हो."

"मारतात? संकोचू नका. तुमच्या लोकांत असतं, मला माहितीय."

"ते सुपारीसुद्धा खात नाहीत."

"मग शाळेत?"

काय सांगणार होते मी? की मला पेढा भरवतात? की डोहाळे विचारतात, डब्यातला आंबाडा काढून देतात?

"शाळेत सगळे फार माया करतात," मी म्हणाले.

"मग कशाला एवढं वाढवून घेताय? गोळी देते. मीठ कमी करा. आणि एवढं घाबरायचं कारण नाही. तुमच्या बायका रानात लाकडं तोडता तोडता बाळंत होतात. हाडापेरानं दणकट असता तुम्ही. नाजूकपणा आमच्यासारख्यांना."

मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा रामनाथ पाळण्याच्या दांडीला पॉलिश पेपर मारत होते. त्यांचा हात थांबला.

"माझी आई रानात बाळंत झाली," ते म्हणाले. "माझ्या आधीची तिघं रानातच पुरली. ते नाही का सांगितलंस?"

"डॉक्टरशी कुठं वाद घालायचा?"

"रजा घे, गिरिजे. आजपासून घे. वाडीला जाऊन राहू. तिथं कुणी तुझ्याकडं वळून बघत नाही."

"वार्षिक परीक्षा झाली की घेते. मुलांचं वाचन आत्ता कुठं लागलंय. मध्येच सोडलं तर सगळं विसरतील."

"आणि तुझं डोकं दुखतं ते?"

"ते उन्हानं."

पॉलिश पेपर पुन्हा सुरू झाला. जोरात.

सातवा लागला. पाय सुजायला लागले. चपलेचा पट्टा रुतायचा. शाळेत मी टेबलाखाली पाय मोकळे करून बसायचे. सौंदलगेकर बाईंनी एकदा बघितलं.

"अगं, पाय बघ तुझे! हत्तीण झालीस की!"

"सूज आहे."

"सूज कसली? अंग भरतंय. तुमचं अंग मुळातच भरदार. माझ्या वेळी मी अशी काडी होते, सलाइन लावायची वेळ आली. तुला काय धाड भरलीय?"

मार्चमधल्या एका शनिवारी शाळेत माझं डोहाळजेवण ठरलं. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून दुपारी. इनामदार बाईंनी मनावर घेतलं होतं. हॉलमध्ये झोपाळा टांगायचा, फुलांची वाडी भरायची, वर्गणी नको, सगळं माझ्याकडून, असं त्यांनी जाहीर केलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. इतकी वर्षं मी त्या सगळ्यांच्या घरांचे उंबरे ओलांडत होते. माझ्यासाठी काही टांगलं जाण्याची ही पहिलीच वेळ.

त्या दिवशी सकाळी उठले तर डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. फळ्यावर मी अक्षर काढलं की त्याच्या कडेनं उजेड नाचायचा. डोकं दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं झालं होतं. शाळा सुटल्यावर मी तडक दवाखान्यात गेले. कोरे बाई ऑपरेशनला आत होत्या. बाहेर शैला नावाची नर्स होती. तिनं ब्लाउजच्या बाहीवरूनच पट्टा बांधला, फुगवला, काटा बघितला आणि नाक मुरडलं.

"मशीन बिघडलंय वाटतं."

"का? किती आलं?"

"एवढं असतं तर तुम्ही इथं चालत आला नसता. सोमवारी या, बाई असतील तेव्हा."

"डोळ्यांपुढं चमकतंय हो. आणि इथं, पोटात वरच्या बाजूला दुखतंय."

"पित्त झालं असेल. काय खाल्लं होतं?" मग माझ्या खणाच्या ब्लाउजकडे, हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघून ती हसली. "कुठं निघालात नटून?"

"शाळेत डोहाळजेवण आहे."

"मग जा की! तिकडं बायका वाट बघत असतील. एवढी धट्टीकट्टी बाई तुम्ही, आणि पित्ताला घाबरता!"

मी बाकावर बसून राहिले. कोरे बाई बाहेर येतील म्हणून. शैलानं दोनदा माझ्याकडं बघितलं, मग केरसुणी घेऊन आलेल्या बाईला म्हणाली, "यांना जरा सरकायला सांग, पुसून घ्यायचंय." मी उठले.

हॉल सजवला होता. झोपाळ्याला मोगऱ्याचे सर गुंडाळले होते. मला त्यावर बसवलं, डोक्यात फुलांचा मुकुट घातला. मुकुट माझ्या केसांवर बसेना.

"थांब, खोच जरा पिना," इनामदार बाई म्हणाल्या. "अगं, पिना पण उडतायत! हिच्या डोक्यात एक पक्षी घरटं करील."

हशा झाला. मी हसले. हसताना डोक्यात घण बसला.

"बाई, मला जरा बरं वाटत नाहीये. पाणी द्याल?"

"पाणी कसलं? हे घे." सौंदलगेकर बाईंनी चांदीच्या पेल्यात दूध पुढं केलं. पिवळंजर्द होतं. "केशराची अख्खी डबी रिकामी केलीय तुझ्यासाठी. तुझ्या बाबतीत एक डबी पुरायची नाही म्हणा, पण आपण प्रयत्न सोडायचा नाही."

पुन्हा हशा. मी दूध प्यायले. एकीनं ओटीत तांदूळ घातले, नारळ घातला. एकीनं दोन वाट्या झाकून पुढं ठेवल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

"उचल ग. कुठली उचलतेस?"

मला चार वाट्या दिसत होत्या. मी हात पुढं केला. इनामदार बाईंचा चेहरा एका बाजूनं विरघळल्यासारखा झाला. त्या काहीतरी म्हणत होत्या. माझी मान आपोआप एका बाजूला वळायला लागली, मला ती आवरेना. वाटी हातात आली की नाही, मला माहीत नाही.

पुढचं मला आठवत नाही.

जागी झाले तेव्हा दवाखान्याचं छत दिसलं. जीभ सुजलेली होती, कडेला दातांनी फाटलेली. हात पोटावर नेला. पोट मऊ होतं. रामनाथ शेजारी स्टुलावर बसले होते. त्यांच्या शर्टाच्या पुढच्या बाजूला कुंकवाचे मोठे डाग होते. मला वाटलं, ते रक्त आहे.

"काय झालं?"

"झटके आले तुला. आकडी."

"बाळ?"

त्यांनी माझा हात धरला आणि मान खाली घातली. मी पुढं विचारलं नाही. नंतर केव्हातरी शैला आत आली. सलाइनचा वेग बघत ती हळू आवाजात, समजूत काढावी तशी म्हणाली, "मुलगी होती हो. गोरी होती. तुमची वाटतच नव्हती."

डॉक्टर कोरे बाई संध्याकाळी आल्या. त्यांनी स्वतः बीपी घेतलं, बाही वर करून.

"नशीब, तुम्ही वाचलात. बाळाचे ठोके पोटातच थांबले होते. आणखी जरा आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

"शाळा तर इथून जवळ आहे," मी म्हणाले. जीभ जड होती, शब्द नीट उमटत नव्हते. "उशीर कसा झाला? रिक्षा मिळाली नाही का?"

मी रामनाथना विचारलं होतं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"मिळाली," ते म्हणाले.

"मग?"

"झोप आता."

मी पुष्कळदा विचारलं. ते उठून पाणी आणायचे, पांघरूण सारखं करायचे. मुलीला त्यांनी एकट्यानंच नेऊन पुरलं होतं. कुठं, ते सांगितलं. कसं, ते नाही. माझं बीपी गोळ्यांनीही उतरत नव्हतं, म्हणून मला घरी सोडत नव्हते. मी पडल्या पडल्या मनात तो रस्ता चालायचे. शाळेचं फाटक, तालमीची कमान, रॉकेलचं दुकान, दवाखाना. आमची दुसरीची मुलं एकदा लसीकरणाला रांगेनं चालत आली होती. गाणं म्हणत. गाणं संपायच्या आत आम्ही पोचलो होतो.

दोनचार दिवसांनी दुपारी इनामदार बाई आणि सौंदलगेकर बाई आल्या. इनामदार बाईंच्या हातात हिरवी साडी होती, काठापदराची, चांगली भारी. सौंदलगेकर बाईंच्या पिशवीत नारळ. रामनाथ त्यांना बघून उभे राहिले.

"बस, बस," इनामदार बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला निराळा वाटला. त्या माझ्याशी नेहमी मोठ्यानं बोलायच्या. आज देवळात बोलतात तसं बोलत होत्या. "कशी आहेस ग?"

"बरी आहे."

"फार वाईट झालं. पण आम्हाला जे दर्शन झालं ना, ते जन्मात विसरणार नाही."

मला समजलं नाही. मी सौंदलगेकर बाईंकडं बघितलं. त्यांनी हात जोडलेले होते.

"कसलं दर्शन?"

"तुला काही आठवत नाही?" सौंदलगेकर बाई पुढं झाल्या. "काहीच नाही? अगं, तुझ्या अंगात आलं ना! वाटीला हात लावलास आणि एकदम ताठ झालीस. डोळे पांढरे. हात असे थरथर, थरथर. तोंडाला फेस. आधी आम्ही घाबरलो. पण इनामदार बाईंनी बरोबर ओळखलं."

"मी असलं मानत नाही," इनामदार बाई म्हणाल्या, "तुला ठाऊक आहे. पण समोर दिसल्यावर काय करायचं? आणि तुझ्यात काहीतरी आहे, हे आम्ही इतकी वर्षं बघतोच आहोत. मी म्हणाले, कुणी शिवू नका, वारं आलंय. हळदकुंकू आणा."

"मळवट भरला तुझा," सौंदलगेकर बाई म्हणाल्या. "सगळ्या पाया पडल्या. मी तर डोकंच टेकलं."

रामनाथ भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे हात मागे होते.

"मग?" मी विचारलं.

"मग तू जरा निवांत झालीस. घोरल्यासारखा आवाज यायला लागला. बाईंनी विचारलं, कोण आलंय? अंबाबाई आलीय का? तर पुन्हा आलं, पहिल्यापेक्षा जोरात!"

"मी काही बोलले?"

"दात आवळलेले होते ना. पण मान हलवलीस."

इनामदार बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मी माझ्या सुमेधाचं विचारलं. किती स्थळं बघितली, कुठं जमत नव्हतं. म्हटलं, आई, पोरीचं जमेल का? तू मान हलवलीस ग, अशी, जोरजोरात. आणि काल कोल्हापूरच्या मंडळींचा होकार आला."

बाहेर कुठंतरी नळाखाली बादली भरत होती.

"नंतर काय केलंत?" मी विचारलं. मी मुलांना धडा विचारते तशाच आवाजात विचारलं. घाई न करता.

"नंतर आरती केली," सौंदलगेकर बाई म्हणाल्या.

"एक?"

"देवीची केली. मग अंगात आलेलं असताना मध्येच कसं थांबायचं म्हणून जोगवा म्हटला. सगळ्यांनी म्हटला, अगदी हेड क्लार्कसुद्धा आत आले. प्रसाद वाटत होतो, तेवढ्यात हे आले तुला न्यायला." त्यांनी रामनाथकडं बोट केलं. "आम्ही सांगत होतो, शिवू नका, अजून उतरलं नाही. ऐकतायत कुठं! उचलून खांद्यावर टाकली आणि पळत सुटले. देवीला असं उचलून नेतात का?"

मी रामनाथकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते.

इनामदार बाईंनी साडीची घडी माझ्या मांडीवर ठेवली, त्यावर नारळ ठेवला, मूठभर तांदूळ घातले. ओटी भरली. मग त्या पलंगाच्या पायथ्याशी गेल्या आणि पांघरुणाबाहेर आलेल्या माझ्या पावलांवर वाकल्या.

मी पाय आखडून घेतले.

"जा इथून," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. जीभ सुजलेली होती आणि मी त्या शाळेत कधी तसं बोलले नव्हते. "निघा. दोघीही."

इनामदार बाईंचा चेहरा उतरला. रागानं नव्हे. त्या एक पाऊल मागं सरकल्या, सौंदलगेकर बाईंचं मनगट घट्ट धरलं आणि कुजबुजल्या, "बघ. अजून आहे."

"बाई," रामनाथ बोलले. इतके दिवस त्यांचा आवाज मी धड ऐकला नव्हता. "तिला मुलगी झाली होती. मेलेली. तुम्ही गाणी म्हणत होता तेव्हा ती मेली."

इनामदार बाईंनी त्यांच्याकडं फार मायेनं बघितलं.

"कळलं रे मला. रडायला आलं. पण देवी काहीतरी घेतेच, रामनाथ."

रामनाथनी माझ्या मांडीवरची साडी उचलली, नारळ उचलला, चादरीवर सांडलेले तांदूळ एकेक करून गोळा केले. सगळं इनामदार बाईंच्या हातांत परत ठेवलं आणि दार उघडून धरलं. त्या दोघी उलट्या पावलांनी बाहेर गेल्या, माझ्याकडं पाठ न करता. बोळातून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"कोप झालाय. ओटी परत केली म्हणजे कोपच."

"आता हो?"

"शनिवारी शाळेत शांत करून घेऊ. लग्न तोंडावर आलंय."

मी रामनाथना म्हणाले, "हा राग माझा आहे, एवढं तरी त्यांना सांगा. माझा."

"सांगतो," ते म्हणाले. पण गेले नाहीत. कुणाला जाऊन काय सांगणार होते?

शनिवारी मी अजून दवाखान्यातच होते. शाळेतली शिपाईण तानूबाई दुपारी येऊन गेली. तिनं कागदाची पुडी दिली आणि निरोप दिला. पाच नारळ फोडले, दुसरीच्या मुलांना लवकर सोडून त्याच वर्गात होम केला, आता सगळं शांत झालंय, गिरिजाबाईंनी काळजी करू नये. सगळ्यांना प्रसाद वाटला. हा तुमच्या वाटणीचा.

पुडीत खोबऱ्याचा एक तुकडा होता. मी ती उशाजवळच्या टेबलावर ठेवली.

थोड्या वेळानं शैला आली. तिनं पट्टा बांधला, फुगवला, काट्याकडं बघत हळूहळू हवा सोडली. मग पुन्हा एकदा केलं. पट्टा सोडून गुंडाळता गुंडाळता तिची नजर पुडीवर गेली.

"देवाचं आहे का?"

"हो."

तिनं तो तुकडा उचलून कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

"कमाल आहे बाई तुमची," खोबरं चावत ती म्हणाली. "एवढ्या गोळ्या देतोय. उतरत कसं नाही हो तुमचं?"